शाळा बंद, गुण 928

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाने सर्वांत मोठी झेप कोणत्या वर्षी घेतली, हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या पेपरात घालायला हरकत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’मध्ये, म्हणजे पीजीआयमध्ये, राज्याला 2019-20 साली 1000 पैकी 869 गुण होते. पुढच्याच वर्षी ते 928 झाले आणि केरळ, पंजाबच्या मांडीला मांडी लावून आपण देशात पहिले आलो. हे पुढचं वर्ष म्हणजे 2020-21. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळांना कुलपं लागली. पहिली ते चौथीचे वर्ग त्या शैक्षणिक वर्षात उघडलेच नाहीत. एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीची सगळी मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. मुलं घरी होती आणि शिक्षण 59 गुणांनी सुधारलं होतं. प्राथमिक शिक्षणाच्या गुणवत्तेवर एवढ्या वर्षांत जे खर्डे लिहिले गेले, त्यांत इतका स्पष्ट निष्कर्ष क्वचितच सापडेल: निकाल बिघडवणारी एकच वस्तू शाळेत असते आणि ती दप्तर घेऊन येते.

यात जादू काही नाही. त्या निर्देशांकात मुलं काय शिकली याला 1000 पैकी 180 गुण होते आणि कारभाराला 360. मुलाचा ओळख क्रमांक प्रणालीत चढला का, हजेरी डिजिटल झाली का, हा कारभार. म्हणजे मूल शिकण्यापेक्षा मूल नोंदलं जाण्याची किंमत जास्त. शिकण्याचे ते 180 गुण तरी दरवर्षी नव्याने मोजावेत, तर तेही नाही. ते आले 13 नोव्हेंबर 2017 रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातून, आणि पुढचे निर्देशांकही त्याच एका दिवसावर निघत राहिले. त्या दिवशी तिसरीत बसलेलं मूल 2020-21 मध्ये सहावीत होतं, निर्देशांकात मात्र तिसरीतच. आठवीपर्यंत कुणालाही नापास न करणाऱ्या तेव्हाच्या व्यवस्थेत वर्षानुवर्षं एकाच वर्गात बसवलेलं ते बहुधा एकमेव मूल.

याला उत्तर म्हणून सांगितलं जाईल की आता मोजमाप वारंवार होतं. खरं आहे. पायाभूत चाचणी, मग संकलित एक, मग संकलित दोन, असा नियतकालिक मूल्यांकनाचा रतीब सुरू आहे. पण त्याचा प्रवास पाहा. छापील पेपर शाळेत येतो. वर्गशिक्षक तो सोडवून घेतात, तेच तपासतात आणि गुण चॅटबॉटवर भरून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे धाडतात. गुण कमी दिसले तर खुलासा कोण लिहिणार? तेच. ज्याच्या खिशातून दुष्काळाची मदत जायची त्यानेच पिकाची पैसेवारी काढायची, ही पद्धत शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; जमीन करपलेली असली तरी नजरअंदाजात ती दुष्काळाच्या पन्नास पैशांच्या रेषेच्या वर हिरवीगार दिसते. वर्गातली पैसेवारी वेगळी का निघावी? मध्य प्रदेशातल्या सरकारी चाचणीची अर्थतज्ज्ञ अभिजीत सिंग यांनी फेरपाहणी केली. मुलांची पुन्हा स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा सरकारी नोंदीतली हुशारी बरीचशी फुगवलेली निघाली.

मग शिक्षक अप्रामाणिक आहेत, असं म्हणायचं आहे का, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. ते आज्ञाधारक आहेत, आणि आजार तिथेच आहे. वरून आकडा मागितला, त्यांनी आकडा दिला. वाचन मागितलं असतं तर कदाचित वाचन दिलं असतं. पण वाचन चॅटबॉटवर चढत नाही. ही खास आपली खोड आहे असंही समजू नये. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात शाळांचे गुण थक्क करणाऱ्या वेगाने वाढले होते. 2011 साली चौकशीचा अहवाल आला तेव्हा 44 शाळांमधल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका होता. चुकीची उत्तरं खोडून बरोबर गोल भरले गेले होते. त्या मानाने आपण सुसंस्कृत आहोत. जिथे तपासणारा आणि भरणारा एकच असतो, तिथे खोडरबराचा खर्चही वाचतो.

आता दुसरी बाजू, बाहेरून होणाऱ्या मोजमापाची. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या केंद्र सरकारच्या ‘परख’ सर्वेक्षणात देशातल्या तिसरीच्या मुलांनी भाषेत सरासरी 64 टक्के मिळवले. त्याच वर्षीच्या ‘असर’ या बिगरसरकारी पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी होती 27.1 टक्के. या दोन आकड्यांची झोंबी लावणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. पहिला बरोबर उत्तरांची सरासरी सांगतो, दुसरा वाचता येणाऱ्या मुलांचं प्रमाण. शिवाय ‘असर’ शहरात जात नाही. तरी एक किरकोळ बाब नोंदवून ठेवू: चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत डोळे मिटून गोल रंगवत गेलं तरी हिशेबाने शंभरात पंचवीस पडतात. उताऱ्यासमोर डोळे मिटले की शून्य. ‘असर’ची खरी असभ्यता याहून मोठी आहे. तिचे स्वयंसेवक शाळेला न विचारता थेट घरी जातात, मुलाला ओट्यावर बसवून एक कागद पुढे करतात आणि वाच म्हणतात. कुणाची वेतनवाढ, कुणाची शाळा, कुणाचा जिल्हा त्या कागदाला बांधलेला नसतो, म्हणून मूल जोडाक्षरापाशी अडलं की ते अडलेलंच लिहिलं जातं. असा बेजबाबदारपणा सरकारी यंत्रणेला परवडत नाही.

परीक्षाच नकोत, असा याचा अर्थ काढणारे घाईत आहेत. वर्गातली कोणती पाच मुलं हातच्याच्या वजाबाकीत अडकली, हे शिक्षकाला कळायलाच हवं आणि चाचणीशिवाय ते कळत नाही. फक्त तो कागद वर्गातच राहायला हवा. ज्या कागदावर मुलाचं दुखणं लिहायचं, त्याच कागदावर मोठ्यांचं प्रगतिपुस्तक छापलं की दुखणं नोंदवण्याची हिंमत कोण करणार? राज्याचं एकूण चित्र हवं असेल तर मूठभर शाळांच्या नमुन्यावर ते बाहेरच्या माणसांकडून काढता येतं, लाखो मुलांच्या गुणांची चाळण लागत नाही. पण नमुन्यातून जिल्ह्याजिल्ह्यांची शर्यत नीट लावता येत नाही, आणि शर्यतीविना आढावा बैठकीत बोलणार काय?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयालाही मधल्या काळात शंका आली असावी. 2021-22 साठी त्यांनी पीजीआयची मोजपट्टीच बदलली, आणि नव्या निकषांवर देशातलं एकही राज्य वरच्या पाच श्रेणींत पोहोचलं नाही. दक्ष, उत्कर्ष, अति-उत्तम, उत्तम, प्रचेष्टा-1: बाकं मांडून ठेवलेली आणि बसायला कुणी नव्हतं. ती भरायचीच असतील तर रामबाण उपाय आपल्याकडे एकदा सिद्ध झालेला आहे. कुलपं अजून शाळेच्या कपाटात असतील.