घरबसल्या पक्षी पकडा : होतकरू कुत्र्यांसाठी प्राथमिक पाठ

प्रवेश घेण्याआधी आपलं कूळ तपासावं. तू कारवानी किंवा मुधोळ असशील, तर तुझे पूर्वज दख्खनच्या माळावर सशामागे सुसाट धावले आहेत. अंगणात तो वेग घालायला जागा नाही. तिसऱ्या उडीलाच तुळशीवृंदावन आडवं येईल. लॅब्राडोर असशील, तर तुझं शिक्षण मुळातच अर्धवट आहे. तुझे वाडवडील न्यूफाउंडलंडचे. बंदुकीने पाडलेली बदकं पाण्यातून अलगद उचलून आणायला ब्रिटिश शिकाऱ्यांनी त्यांना घडवलं. पाडायचं साहेबाने, आणायचं तुम्ही. आता साहेब गेला, बंदूक गेली, आणायची हौस तेवढी उरली. गावठी असशील तर पुढचं वाचू नकोस. सावली बघून झोप, तुला सगळं येतं.

नवशिके वर्षानुवर्षं अडकतात ते पारव्यात. पारवा पाठमोरा दाणे टिपत असतो आणि तुला वाटतं, याचं लक्ष नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत; पुढचा दाणा आणि मागून पोट घासत येणारा तू, दोघंही त्याला एकदमच दिसतात. तरी रीत म्हणून दबा धरावा. एक पंजा उचलून पुतळा व्हावं. शेपटीचं टोक हलत राहील, त्याला इलाज नाही. मग झेप घ्यावी. पारवा वळचणीला जाऊन बसला की भुंकावं. त्याने साधत काही नाही, पण घरच्यांना मेहनत दिसते.

होला कधीकधी सापडल्यासारखा वाटतो. शेपटी दाताखाली येते, तू मान झटकतोस, आणि पिसांचा झुपका तुझ्या तोंडात ठेवून बिनशेपटीचा होला निघून जातो. घाबरला की त्याची पिसं अशी सुटतातच. पुढे नवी येतात. टाळूला चिकटलेलं पीस काढण्यात तुझी मात्र अर्धी दुपार जाते.

कावळ्याच्या वाटेला जाऊ नये. तू भाकरी खात असताना एक समोर बसेल, दुसरा मागून शेपूट ओढेल. तू वळलास की भाकरी गेली. फक्त सर्वपित्रीला तुझी सरशी होते. त्या दिवशी घरचे गच्चीवर पान मांडून ‘काव काव’ करत त्याला बोलावतात आणि तू पानाजवळ नुसता पसरलास तरी तो उतरत नाही. मग आजोबांचं काय राहिलं असेल, यावर खल सुरू होतो. धाकट्याच्या लग्नापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत सगळी वचनं हात जोडून दिली जातात. तुझ्याकडे कुणी बघतही नाही. वास्तविक श्राद्धात कुत्र्याचाही घास वेगळा काढतात, तेव्हा दुसऱ्याच्या पानावर डोळा ठेवू नये. पानात वडे असतील तर गोष्ट वेगळी.

भारद्वाज कुंपणाच्या बुडाशी चालत फिरतो, उडायला आळशी आहे, म्हणजे तसा सोपा. पण तो दिसला की दिवस चांगला जातो अशी घरच्यांची श्रद्धा असते. त्याला तोंडात धरून आलास तर तुझा दिवस कसा जाईल ते सांगायला नको.

आता मुद्द्याचं. कुत्र्याच्या हाती पक्षी लागतो तो बहुधा मे-जूनमध्ये, आणि तो पिल्लू असतो. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पोरं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. आखूड शेपटी, चोचीच्या कडेला फिकट पिवळी किनार, कर्दळीत धडपडत चाललेलं. वर आईबाप कलकलाट करत असतात. याला शिकार म्हणणं म्हणजे पहिलीतल्या पोराचा डबा पळवून पैलवान म्हणवून घेणं. शिवाय निम्मं श्रेय मालकाचं. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी म्हणून तो पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवतो, तेही नेमकं तुझ्या लपायच्या झुडपाला खेटून. तेच भांडं त्याने मोकळ्या जागी उंच टांगलं आणि पिल्लं खाली असेतो तुला साखळीवर फिरवलं, तर हा अभ्यासक्रम बंदच पडेल. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं त्याला वाटतं. म्हणून तो पिल्लू उचलून फांदीवर ठेवत नाही. आई टाकत नाही. पण हा परिच्छेद त्याच्या नजरेस पडू देऊ नकोस.

पकडल्यावर काय? लॅब्राडोर लाळेने चिंब झालेला बुलबुल जिवंतच दिवाणखान्यात आणून ठेवेल. वरून जखम दिसत नसली तरी आतून तो दबलेला असू शकतो. तेव्हा घरचे त्याला भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, अंधारात ठेवतील आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधतील. कुणी मायेने चमच्याने पाणी पाजायला धावलं, तर त्यांच्यावर भुंकावं. पाणी श्वासनळीत जातं. इतर वेळी खोक्यापाशी घुटमळू नये.

सोडायचा मोबदला आधी ठरवावा. ‘सोड, सोड’ या ओरडण्याला किंमत नाही, पोळीच्या तुकड्यालाही नाही. फ्रिजचं दार वाजलं आणि उकडलेलं चिकन बाहेर आलं की जबडा लगेच उघडावा: पक्ष्याच्या बदल्यात पक्षी, तोही सोललेला आणि बिनहाडाचा. शाकाहारी घरात पडला असशील तर पनीरवर भागवावं लागेल.