विनाकारण समुद्र

वऱ्हाडातला माणूस घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ पिशवी असो-नसो, कारण असतं. लग्न, साक्षगंध, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, बियाण्याची खरेदी, नाहीतर देव. कामरगावच्या स्टँडवर उभं राहिलं की "कुठी चालले, भाऊ?" हा प्रश्न येतोच. "अमरावतीले" एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. लगेच मागून "काहून?" येतो. त्याला "सहज" असं उत्तर दिलं, तर तो आपल्याकडे जरा निरखून पाहतो. सहज गावाला जाणारा माणूस एक तर कर्ज काढायला चाललेला असतो किंवा कर्ज देणाऱ्याला चुकवायला, असा आमच्याकडचा जुना अनुभव आहे.

अशा गावात राहणाऱ्या आमच्या घरात यंदा पोरांनी टूम काढली, की उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्र पाहायला जायचं.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. पण वाशिम जिल्ह्यातल्या पोरानं तो पाठ करायचा असतो परीक्षेपुरता. आमच्या भागातून समुद्राकडे विनाकारण आजवर काही गेलेलं नाही. इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला शकुंतला रेल्वेचा अरुंद रूळ पडला, तो काही आमच्या आजोबा-पणजोबांना गार वारा खायला नेण्यासाठी नव्हता. कापूस मुंबईच्या बंदरात पोचवायचा आणि तिथून मँचेस्टरला, एवढंच त्या रुळाचं काम. म्हणजे घरच्या माणसांआधी घरच्या कापसानं समुद्र पाहिला, आणि तोही विकायला निघालेला असताना.

माणसांनी पाहिला तो देवाच्या निमित्तानं. चार धामांपैकी पुरी, द्वारका आणि रामेश्वर ही तीन धामं समुद्रकाठी आहेत. ज्या कोणी ही यादी केली त्याला आमच्यासारखी कोरडवाहू माणसं चांगली ठाऊक असावीत. 'समुद्र पाहून या' म्हटलं असतं तर एकही शेतकरी बांध सोडून हलला नसता.

त्यामुळे पोरांनी प्रस्ताव मांडला तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न अपेक्षित तोच विचारला. "तिथी हाय काय?"

"पाणी," पुतण्या म्हणाला.

"कसं?"

"खारं."

बाबा हसले. खाऱ्या पाण्यासाठी एवढं लांब जायचं काय कारण, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या उत्तरेला पसरलेला आहे. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या सोयऱ्यांच्या घरी विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आणि खारं तळंच पाहायचं असेल तर लोणार जवळ आहे. सकाळी निघून पाहून रात्री घरी जेवायला येता येतं. राहिला दगड. हरिहरेश्वरचा काळा कातळ आणि आमच्या शेताखालचा काळा पाषाण एकाच लाव्हारसाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे सख्खे भाऊ. थोडक्यात, समुद्राचं सगळं सामान इकडे आहे, फक्त सुटं सुटं पडलेलं आहे.

पोरं एवढ्यानं हटणारी नव्हती. त्यांनी ओळखलं, की बाबांपुढे किनारा ठेवण्यात अर्थ नाही, देव ठेवला पाहिजे. मग घरात आठवडाभर जे चाललं त्याला सहलीचं नियोजन म्हणण्यापेक्षा देवांच्या मुलाखती म्हणणं बरोबर. गणपतीपुळ्याची बाजू सुनेनं मांडली: स्वयंभू गणपती, अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा, आणि देवळाच्या दारात समुद्र. पुतण्याला तारकर्लीला जाऊन पाण्याखाली बुडी मारायची होती. तारकर्लीत बाबांना पटेल असा देव त्याला सापडेना, म्हणून त्यानं शेजारच्या मालवणातून सिंधुदुर्ग किल्ला उचलला. तिथं राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे म्हणाला. बाबा क्षणभर निरुत्तर झाले. महाराजांना नाही कसं म्हणणार? काशीदचं नाव निघालं आणि देवाअभावी जागीच बाद झालं. अलिबागला कुलाबा किल्ल्यातल्या सिद्धिविनायकानं वाचवलं होतं, पण "तिथी मुंबईवाले लय असतात" या एका वाक्यात तेही गेलं. शेवटी हरिहरेश्वर सर्वांना पटलं. दक्षिण काशी म्हणतात त्याला. शिवाय देवळामागून उतरून समुद्राच्या कडेकडेनं कातळावरून प्रदक्षिणा. देव आणि समुद्र एकाच फेरीत.

कारण सापडलं. आता तारीख.

शेतकऱ्याच्या घरात उन्हाळ्यात मोकळे दिवस शोधणं हे तूर निवडण्याइतकं बारीक काम आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात लग्नं, आणि न गेलं तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यायचं. जून उजाडला की मृगाची घाई: बियाणं, खत, पीककर्जाचं नवं-जुनं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पोरांकडे जूनमध्ये सुट्टी शिल्लक असते. पण तोवर तिकडे समुद्र खवळलेला आणि इकडे तिफणी निघालेल्या. २०२६ सालानं मात्र कृपा केली. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्न नाही! एवढा मोठा मोकळा तुकडा पंचांगानं आयता कापून दिला. वर तीर्थस्नानाचं पुण्यही जास्त, म्हणजे कारणाला आणखी बळकटी.

फक्त धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारश्यांचं वाण द्यावं लागतं. जावईबुवांना फोन गेला. ते म्हणाले, अनारसे समुद्रावर दिले तरी चालतील. अशा रीतीनं गाडीत चार माणसं आणि तेहतीस अनारसे वाढले.

तारखेचा पुढचा घोळ भरती-ओहोटीनं घातला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करता येते. भरतीच्या वेळी त्या कातळावर जाणं जिवावरचं असतं. आता कामरगावात बसून तिकडची ओहोटी कशी कळावी? पुतण्या मोबाइलमध्ये शोधत होता, तेवढ्यात बाबांनी किनाऱ्यावरच्या कुणा सोयऱ्याकडून कधीकाळी ऐकलेला हिशोब काढला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि सहा तासांनी, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारकडे आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळची, तीही खोल. जन्मभर तिथी पाहून पेरणारा माणूस सातशे किलोमीटरवरचा समुद्र खाटेवर बसून मोजत होता. मोबाइलचं उत्तर थोड्या वेळानं आलं. पाऊण-एक तासाचा फरक होता. तो मोबाइलचा असावा, असं बाबांचं मत पडलं.

या हिशोबानं पौर्णिमा उत्तम, म्हणजे रविवार, ३१ मे. पण १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, पाण्यातले खेळ त्याच्याही आधी मेच्या अखेरीला थांबतात, आणि ढग दिसायला लागले की बाबांचं चित्त शेताकडे. त्याआधीचा शनिवार-रविवार धरावा, तर २३ मेच्या आसपास अष्टमी. ओहोटी भर दुपारी बाराला. मे महिन्यात बारा वाजता, काळ्या कातळावर, अनवाणी, गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन प्रदक्षिणा! पुण्य पुष्कळ मिळालं असतं, पण ते घेऊन घरी कोण आलं असतं हा प्रश्न होता.

मध्येच खर्चाचा विषय निघाला. आमच्याकडे पैसा रुपयांत मोजत नाहीत, क्विंटलमध्ये मोजतात. एसीच्या खोलीला रात्रीचे चार हजार, असं कळल्यावर बाबांनी मनातल्या मनात यंदाच्या ५,३२८ रुपये हमीभावानं भागून सांगितलं, "पाऊण क्विंटल सोयाबीन. झोपाचं." बाजारात हमीभाव मिळतो कुठं, हे धाकट्या भावानं आठवण करून दिल्यावर ती झोप एक क्विंटलपर्यंत गेली.

मग साधी खोली घेऊ आणि घरचा कूलर गाडीवर टाकू, अशी सूचना आली. आली ती आमच्या अख्ख्या प्रदेशाच्या श्रद्धेतून. वऱ्हाडी माणूस एकवेळ देवावर शंका घेईल, कूलरवर नाही. पण कूलर चालतो तो हवेच्या कोरडेपणावर. हवा तहानलेली असली की पाणी पिते आणि गार होते. कोकणातली हवा आधीच पिऊन तर्र! तिथं कूलर लावला तर खोलीत फक्त दमट वारा फिरणार. आमच्या पंचेचाळीस अंशांत घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो. तिकडच्या तेहतीस-चौतीसमध्ये तो मुक्कामाला येतो. उन्हाळ्यात थंड व्हायला कोकणात जाऊ नये, हे कळूनही सहल रद्द झाली नाही. यावरून बेत आता पक्का होत चालला होता, हे ओळखावं.

जेवणाचं लवकर मिटलं. आई-बाबा माळकरी, त्यांना घावन, सोलकढी, मोदक. बाकीच्यांनी सुरमई कुठे आणि केव्हा खायची यावर वेगळ्या, दबक्या आवाजातल्या बैठका झाल्या. वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. शिवाय तिकडच्या रश्शाला तिखट लागत नाही म्हणून घरचं लाल तिखट, अर्धा किलो.

रस्त्याचं आणखी सोपं. एक नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा-अकोल्यावरून कोकणात उतरते, पण इतक्या माणसांना एका डब्यात बसवणं म्हणजे निवडणूक लढवणं. त्यापेक्षा भाड्याची गाडी. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो, आणि ५ जून २०२५पासून तो पार ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण आहे. पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा ज्या पुतण्याला रांगता येत नव्हतं तो आता गाडी चालवायला मागतो.

सगळं ठरलं होतं, फक्त दिवस ठरत नव्हता. पौर्णिमा की अष्टमी, यावर बाबा आणि पुतण्या अडून बसले. इतके दिवस आई काही बोलली नव्हती. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "हे देवाचं कोन काढलं?"

"तुमच्यासाठीच तं," सून म्हणाली.

"म्या देव लय पाह्यले, बाई. मले समुद्र पाहाचा हाय."

बाबा म्हणाले, "आपन रामेश्वरले गेलो होतो, तवा पाह्यला नाही काय?"

"कुठी पाह्यला? समुद्रात बुड्या मारल्या, त्या डोये मिटून. मंग बावीस कुंडाच्या पान्यानं आंघोळ, वल्लं लुगडं, साऱ्याइच्या चपला मायाजोळ. तुमी 'चाल चाल, बस सुटते' म्हनत होते."

यावर कोणी काही बोलेना. हिशोब तर सरळ होता. कारणानं गेलेला माणूस कारण उरकून येतो. लग्नाला गेलेल्याला गाव दिसत नाही, मांडव दिसतो. दवाखान्याला गेलेल्याला मुंबई दिसत नाही, रांग दिसते. रामेश्वरला गेलेल्या बाईला समुद्र तीर्थ म्हणून अंगाला लागला, डोळ्याला लागायचा राहिला. आम्ही तिच्यासाठी आठवडाभर शोधत होतो ते निमित्तच तिच्या वाटेत आडवं आलेलं होतं, आणि ती ते गेली कितीतरी वर्षं ओळखून होती. तिला कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

गंमत अशी, की देवाला प्रवासाच्या कारणातून मोकळं केलं आणि अडलेलं सगळं सुटलं. प्रदक्षिणेची अट गेली, म्हणून ओहोटीची अट गेली. ओहोटी गेली म्हणून पौर्णिमा गेली. मग अष्टमी वाईट कशी? उलट तीच चांगली: संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, उन्हं उतरलेली, वाळूत खुर्ची टाकून बसलं की पाणी आपल्या पायांनी भेटायला येणार. पुतण्याचे पाण्यातले खेळही चालू. दर्शन तर होणारच आहे. तिथवर जाऊन हरिहरेश्वराला कोण टाळतो? फक्त ते आता वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखं होईल, कामासाठी गाठलेल्या साहेबासारखं नाही. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तेवीस लिहा." नंतर जरा थांबून, "स्टँडवर कोनी विचारलं तं हरिहरेश्वरच सांगा." इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

आता धाकट्या भावाची रजा तेवढी राहिली होती. तो नोकरीत. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, आणि त्यानं आजवर तो कधी खोटा भरला नव्हता, कारण खोटं भरायची वेळच आली नव्हती. कुणी ना कुणी आजारी, मेलेलं किंवा लग्नाचं असायचंच. यंदा त्यानं पुष्कळ विचार करून लिहिलं: 'कुटुंबासह समुद्र पाहणे.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला. आवाज खाली आणून काळजीनं विचारलं, "मुंबईला नेताय का? कोणाची तब्येत बरी नाही?"

"नाही साहेब," भाऊ म्हणाला. "सध्या सारे बरे आहेत. म्हणून तं चाललो."