फटके मोजणाऱ्या बायका

“पहाटे तीनपर्यंत जागी होते. जीनोने परत नेलं!” 2025 च्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी काकू कुंपणाच्या तारेवर चादर टाकता टाकता म्हणाल्या.

नव्या माणसाला वाटावं, जीनो म्हणजे काकूंची कुणी भाची. ती आहे थायलंडची, राचाबुरीची गोल्फपटू, अथाया थितिकुल. जीनो हे तिचं लाडाचं नाव आणि काकू तिला त्याच नावाने हाक मारतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांमुळे जिने टाळणाऱ्या या बाईंना गोल्फचा नाद कुठून लागला? ऑगस्ट 2021 मधल्या एका शनिवारी टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं. तोवर आपल्यापैकी कितीजणांना बर्डी म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी, हे माहीत होतं? सगळ्यांनी त्या दिवशी हळहळून टीव्ही बंद केला, काकूंनी मात्र चालूच ठेवला.

“किती मिळाले?” मी विचारलं. शेजारधर्म म्हणजे आधी आकडा.

“40 लाख डॉलर. आपले 35 कोटी तरी होतात. गेल्या वर्षीही तिनेच नेले होते.”

“चार दिवसांच्या खेळाचे?”

“चार दिवसांचे, पण तिथवर पोचायला वर्ष जातं बाई. फ्लोरिडात नेपल्स म्हणून गाव आहे, तिथे मोसमाची शेवटची स्पर्धा. एलपीजीए या बायकांच्या गोल्फ संघटनेच्या वर्षभराच्या गुणांत पहिल्या 60 मध्ये असाल तरच बोलावणं. आणि एकदा आत गेलात की सगळ्या सारख्या. साठावी जिंकली तरी 40 लाख तिचेच.”

“एवढे पैसे देतं कोण?”

काकूंनी चादर सोडून दिली आणि कुंपणावर कोपर टेकले. म्हणजे आता खरं काहीतरी येणार.

“सीएमई म्हणून शिकागोची वायदेबाजारवाली कंपनी आहे. तिचे मुख्य टेरी डफी. 2022 मध्ये याच स्पर्धेच्या आठवड्यात त्यांनी पाहुण्यांसाठी जेवण ठेवलं आणि एकही खेळाडू तिकडे फिरकली नाही. एकही! साहेब असे संतापले, की पत्रकाराजवळच बोलून मोकळे झाले.”

“मग हात आखडता घेतला असेल.”

“अगं, उलटंच! 2024 पासून बक्षिसांची एकूण रक्कम 70 लाखांवरून 1 कोटी 10 लाख डॉलर करून टाकली. रुसला आणि वर आहेर वाढवला, असा यजमान कुठे मिळतो?”

मला वाटलं, पैशांची गोष्ट झाली की विषय संपला. पण काकूंना त्या 35 कोटींचं फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता वेअर ट्रॉफीत. वर्षभरातली दर राऊंडची फटक्यांची सरासरी जिची सर्वांत कमी, तिला ही मिळते. नाव ग्लेना कोलेट वेअरचं. अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा सहा वेळा जिंकलेली, पण खेळातून कधी पैसा न कमावलेली बाई. 1952 मध्ये बेटी जेमसन या खेळाडूने तिच्या नावाने ट्रॉफी दिली, आणि तेव्हापासून पैशासाठी खेळणाऱ्या बायका तिच्यासाठी जिवाचं रान करतात.

“यंदा जीनोची सरासरी 68.681. आनिका सोरेनस्टमचा 2002 चा विक्रम होता 68.697. मोडला!”

“काकू, तिसऱ्या दशांशावर विक्रम?”

“बँकेत होते मी. दशांशाला हसू नकोस.” काकूंनी बोटाने हवेत गुणाकार मांडला. “0.016 चा फरक. म्हणजे साधारण 60 राऊंडांमागे एक फटका. एवढ्या राऊंड खेळायला मोसमाचा मोठा भाग जातो. तेवढ्यात एक चेंडू भोकाच्या कडेवरून परतला, की संपलं. आणि या पोरीने सप्टेंबरमध्ये काय केलं? ओहायोत शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे. ग्रीनवर दोन पटमध्ये, म्हणजे भोकाकडे ढकलायच्या दोन हलक्या फटक्यांत, संपवलं असतं तर बर्डी आणि जिंकली. हिने चार घेतले! चार्ली हल जिंकली. मी तोंडावर पांघरूण घेतलं ते सकाळपर्यंत काढलं नाही.”

एवढं हातचं घालवूनही वर्षाअखेर विक्रम जेमतेम एका फटक्याने हाती लागतो, हे ऐकल्यावर माझीही सरासरीकडे बघायची नजर जरा बदलली.

“पण मग प्रश्नच नको,” मी म्हटलं. “जिची सरासरी कमी, तिला ट्रॉफी. भांडण नाही.”

“भांडण नाही? गेल्या वर्षी, 2024 मध्ये, जीनोची सरासरी सर्वांत चांगली होती, नेली कोर्डाचीही छान होती. ट्रॉफी मिळाली जपानच्या अयाका फुरुएला.”

“का बरं?”

“या दोघींच्या राऊंड कमी भरल्या. एकीचा अंगठा दुखावलेला, दुसरीची मान. किमान राऊंड खेळल्या नाहीत तर सरासरी धरतच नाहीत. 2021 मध्येही हेच. को जिन-यंग आणि नेली दोघी बाहेर, ट्रॉफी लिडिया कोला. आणि त्या वर्षाची सर्वोत्तम खेळाडू कोण? जिन-यंगच! तिने मनगट दुखत असताना शेवटची नेपल्सची स्पर्धा मारली, शेवटच्या दिवशी 63 फटक्यांत.”

“हा अन्यायच की.”

“हजेरी नको का? आपल्या मंडळाच्या पाककृती स्पर्धेत काय होतं? परीक्षक चव घेतात, मग एकमेकींकडे बघतात आणि गेल्या वर्षीच्याच बाईला देतात. इथे परीक्षकच नाही. वर्षातली सर्वोत्तम ठरवायलाही जिंकलात तर 30 गुण, दुसऱ्या आलात तर 12, मेजर, म्हणजे मानाची मोठी स्पर्धा असेल तर दुप्पट. बेरीज करा, घरी जा. चुकलं तर नियम चुकतो, माणूस नाही.”

काकूंच्या उकडीच्या मोदकांना त्या स्पर्धेत कधी काही मिळालं नाही, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले. पण त्यांचं म्हणणं मला पुरतं पटलं नाही. दुखावलेली मान घेऊन घरी बसणं म्हणजे गैरहजेरी कशी? आणि मतांवर दिलेले मानही काकूंना आवडतातच की! हेदर फार नावाची खेळाडू 1993 मध्ये स्तनांच्या कर्करोगाने अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिच्या नावाचा चिकाटीचा सन्मान दरवर्षी देतात, आणि तो फटके मोजून नव्हे. दुसरा एक मान खेळाडू आपसांत मतं देऊन ठरवतात. त्याला बरीच वर्षं विल्यम पॉवेल या जुन्या हॉलिवूड नटाचं आणि त्याच्या बायकोचं, माउझीचं, नाव होतं. माउझीबाईंना या खेळाडूंचं भारी कौतुक. “नटाची बायको असूनही!” असं काकू का म्हणाल्या, ते मी विचारलं नाही.

“बरं, लिडिया कोचं ऐक,” काकूंचा आवाज खाली आला, जणू पलीकडच्या बंगल्यात लिडियाच राहते. “टोकियोत आपल्या अदितीला एका फटक्याने मागे टाकून कांस्य हिनेच नेलं. त्यामुळे आधी राग होता मला. पण एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमचा हिशेब कळला आणि राग गेला. 27 गुण लागतात. साधी स्पर्धा जिंकली की एक, मेजरचे दोन, वेअर ट्रॉफीचा एक, वर्षातली सर्वोत्तम झालात तर एक. जानेवारी 2024 मध्ये लिडिया 26 वर येऊन बसली. पुढच्याच स्पर्धेत नेलीने प्लेऑफमध्ये हरवलं. मग महिनेच्या महिने तो एक गुण काही येईना.”

“मग?”

“मग पॅरिस. ऑलिंपिक सुवर्णालाही एक गुण, असा नियम 2022 मध्ये केलेला. रिओचं रौप्य होतं, टोकियोचं कांस्य होतं, पॅरिसला सुवर्ण. सत्ताविसावा गुण, वय 27! आणि दोन आठवड्यांनी सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनही.”

“नियम तिच्यासाठीच केल्यासारखा.”

“तसं म्हणू नकोस. त्याच वेळी दहा वर्षं खेळण्याची अटही काढली. लोरेना ओचोआ गुण पुरे असून 2010 मध्ये निवृत्त झाली आणि दहा मोसम भरले नाहीत म्हणून बाहेर राहिली होती. ती 2022 मध्ये आत आली.”

म्हणजे नियम बदलतात, आणि बदलतात ते माणसंच. हे मी काकूंना बोलून दाखवलं तर त्यांनी तारेवरचे चिमटे मोजायला घेतले.

नवोदित खेळाडूचा मान यंदा मियू यामाशिताला, एवढं त्यांनी घाईत सांगितलं. जेमतेम दीड मीटर उंचीची जपानी मुलगी, पण पहिल्याच वर्षी ब्रिटिश ओपन घेऊन गेली.

“आणि तुमची ती नेली? तिला यंदा काय मिळालं?”

“काही नाही. 2024 मध्ये सात स्पर्धा, त्यातल्या पाच सलग. 2025 मध्ये शून्य. जागतिक पहिला क्रमांकही ऑगस्टमध्ये जीनोकडे गेला. खेळ काही वाईट नव्हता हो, पण शून्याला गुण नसतात.”

“जीनोचं मात्र सोनं झालं. विक्रमी सरासरी, वर्षातली सर्वोत्तम, 35 कोटी. मेजर किती आहेत तिच्याकडे?”

काकूंनी चादरीची घडी उगाच सरळ केली.

“एकही नाही. जुलैत फ्रान्समध्ये एव्हियाँला शेवटचा पट पडला असता तर झालं असतं. नाही पडला. मग प्लेऑफमध्ये ग्रेस किमचा चेंडू पाण्यात गेला. मी म्हटलं, आलं आता! तर त्या पोरीने बाहेरून चिप करून थेट भोकात घातला आणि पुढच्या खेपेला ईगल, ठरल्यापेक्षा दोन फटके कमी, मारून गेली.”

“अरेरे. म्हणजे सरासरी जगात सर्वांत भारी, आणि…”

“वीस-बावीस वर्षांची आहे ती,” काकू फटकन म्हणाल्या. “तुझं दूध आलं का? आमच्याकडे अजून पत्ता नाही त्याचा.”