उतरत्या फळीआडच्या भानगडी

बाई बाई, कुठे चाललंय हे सगळं! माणसं आता मेजाचं वय विचारतात, कूळ विचारतात, आधी कुठल्या घरात नांदलं ते विचारतात, आणि 'मूळचा रंग तसाच आहे ना?' हे तर अगदी कानाशी लागून विचारतात. मुलीला स्थळ बघताना एवढी चौकशी करायची आता कुणाची छाती नाही, मेजाची मात्र बिनधास्त. आणि मेज तरी कसलं? लिहायचं! म्हणजे ज्यावर त्या घरातलं कुणीही कधीही एक ओळ लिहिणार नाही, असं लिहायचं मेज.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली एकावर एक चार खण, वर तिरपं उतरतं झाकण. झाकणाच्या बिजागऱ्या खालच्या कडेला. खणांच्या वरच्या अंगाला दोन बाजूंना दोन चपटे दांडे असतात, ते बाहेर ओढायचे आणि झाकण पुढे पाडून त्यांच्यावर टेकवायचं, की झाली लिहायची फळी. आत बघावं तर कप्पेच कप्पे. मधोमध एक इवलंसं दार, त्याच्या दोन्ही अंगांना दोन लाकडी खांब. कुणालाही वाटेल, शोभेचे आहेत. तर नाही! खांब धरून ओढला की अख्खा बाहेर येतो आणि त्याच्यामागे कागदपत्रं उभी ठेवायचा अरुंद खण निघतो. मधल्या दाराआडची पेटी उपसली, तर पुष्कळदा तिच्याही मागे चोरखण. सांगा बरं, सरळमार्गी माणसाला इतक्या चोरजागा कशाला लागतात?

मुळात ही साधी तिरपी पेटी होती. टेबलावर ठेवायची, झाकण वर उचलायचं, आत कागद. मग विलायतेत सतराव्या शतकाच्या अखेरीस पेटीला पाय फुटले, पायांच्या जागी खण आले, वरची बिजागरी खाली उतरली, आणि अठराव्या शतकात इंग्लंडात काय नि तिकडे बॉस्टन, न्यूपोर्ट, फिलाडेल्फियात काय, चार पैसे गाठीला असलेल्या प्रत्येकाला हे मेज हवंच झालं. त्यातली सोय कुणाच्याही लक्षात येईल. पाहुणे दारात आले, की झाकण वर, कुलपाला किल्ली. हुंड्या, उधाऱ्या, नको ती पत्रं, सगळा पसारा एका फटक्यात आत. घर पुन्हा सोज्वळ.

आता पैशाचं ऐका. बसून ऐका. 3 जून 1989 ला न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात असलं एक मेज निघालं. उतरत्या फळीचं, डोक्यावर पुस्तकांचं कपाट, महोगनी लाकूड, निकोलस ब्राऊन या प्रॉव्हिडन्सच्या व्यापाऱ्याच्या घरातलं. घडवणारे न्यूपोर्टच्या गोडार्ड-टाउनसेंड गोतावळ्यातले. ही दोन क्वेकर सुतार घराणी, एकमेकांत सोयरिकी केलेली. साधी राहणी हा ज्यांचा धर्म, त्यांनी श्रीमंतांसाठी काय करावं, तर दर्शनी बाजूला महोगनीत शिंपले कोरावेत, मधला आत गेलेला, बाजूचे दोन फुगून बाहेर आलेले. या मेजाला किंमत आली 1 कोटी 21 लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने आपले वीसेक कोटी रुपये! त्या दिवसापर्यंत जगात कुठल्याही फर्निचरला एवढा पैसा मिळाला नव्हता. आणि विकलं का म्हणाल, तर वडिलोपार्जित लाकडी घराच्या डागडुजीला पैसे हवे होते. घरातलं लाकूड विकून घराचं लाकूड दुरुस्त केलं. याला म्हणतात खानदानी व्यवहार.

ब्राऊन मंडळींच्या धंद्याचं मात्र कुणी फारसं काढत नाही. निकोलस आणि त्याच्या भावांनी 1764 साली 'सॅली' नावाचं जहाज गुलाम आणायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडलं होतं. त्या एका सफरीत शंभरावर माणसं मेली. महोगनी यायची ती वेस्ट इंडीजकडून, आणि तिथे ती तोडायलाही गुलामच. शिंपल्याच्या पाकळ्या किती, यावर तासन् तास बोलणारे दर्दी इथवर आले, की त्यांना एकदम चहाची आठवण होते.

असो. आमच्या मावसबहिणीकडचं सांगते, बॉस्टनजवळ असते ती. तिच्या नवऱ्याला हे वेड लागलं. कुणाचं घर मोडलं, की तिकडे सगळं सामान मांडून विकतात, त्यात त्याने एक मेपल लाकडाचं उतरत्या फळीचं मेज उचललं, नव्या सोफ्याच्या निम्म्या पैशांत. आणल्यावर प्रश्न पडला, करायचं काय? लिहिणार कोण? बहीण माझी हुशार. तिने झाकण पाडलं, आतली रचना पाहिली, मधलं दार, बाजूचे खांब, आणि म्हणाली, अय्या, हा तर तयार देव्हारा! दारात गणपती बसला, डावीकडच्या कप्प्यांत अन्नपूर्णा नि बाळकृष्ण. खांबांमागच्या खणांत उदबत्त्यांचे पुडे काय मापात बसले म्हणता! कुणा ख्रिस्ती सावकाराचे दस्तऐवज जिथे राहायचे, तिथे आता हळदीकुंकवाचा करंडा. पूजा झाली की झाकण वर. नवऱ्याची एकच अट, निरांजन फळीवर ठेवायचं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. मग डोंबिवलीहून सासूबाई आल्या.

सासूबाईंनी दोन दिवस ते मेज नुसतं पाहिलं. काळपट, कोपऱ्यांत पुटं चढलेली, कड्यांभोवती हात लागून लागून काळी वर्तुळं. तिसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर त्यांनी कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, भांड्यांचा काथ्या घेतला, आणि घास घास घासलं. वरून खोबरेल तेलाचा हात. संध्याकाळी मुलगा दारातच मटकन खाली बसला. "अगं आई, तो मळ दोनशे वर्षांचा होता!"

"दोनशे वर्षं कुणी पुसलं नाही?" सासूबाई म्हणाल्या. "कसली घरं म्हणायची ही!"

आपण हसतो, पण यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. या मेजांच्या बाजारात स्वच्छता हे पाप आहे. मूळचं रोगण, त्यावरची धूळ, मेण, हातांचा तेलकटपणा, शाईचे डाग, हे सगळं मिळून जो थर होतो त्याला पैसे पडतात. हौशी मालकाने खरवडून नवं पॉलिश मारलं, की भल्या भल्या मेजाची किंमत पार घसरते. अमेरिकेत 'अँटिक्स रोड शो' नावाचा दूरदर्शन कार्यक्रम आहे. लोक आजीचं सामान घेऊन येतात आणि जाणकार किंमत सांगतात. मेज चकचकीत केलेलं दिसलं की जाणकाराचा चेहरा असा होतो, की मालकाने पुढचं ऐकूच नये.

मग जिथे मळाला मोल, तिथे मळ बनवणारे नसतील होय? चहाचं पाणी पाजतात. साखळीने बडवतात. काजळी नि मेण कालवून कोपऱ्यांत भरतात. किडीची भोकंसुद्धा पाडतात हो, ड्रिलने! पण कीड कधी सरळ चालत नाही, आत शिरली की वळणं घेते. म्हणून मुरलेला गिऱ्हाईक भोकात तार घालून बघतो. सरळ आरपार गेली, तर कीड दोन पायांची. तो खण उपसून पालथा घालतो आणि करवतीच्या खुणा पाहतो. जुन्या हातकरवतीच्या रेघा सरळ, गोल फिरणाऱ्या करवतीच्या कमानदार, आणि ती गोल करवत सर्रास झाली एकोणिसाव्या शतकात. तेव्हा 1760 चं म्हणून विकायला आणलेल्या मेजाच्या खणाखाली कमानी दिसल्या, की समजायचं, पोराचा जन्मदाखला खोटा. झाकण पाडून खालून बघायचं, दांडे घासून घासून पडलेले पट्टे आहेत का? कडीच्या आतल्या बाजूला जास्तीची बुजवलेली भोकं आहेत का? असतील तर कड्या बदलल्यात, आणि कधी बदलल्यात हा पुढचा प्रश्न.

आणि लग्नं! खालचं मेज एका घरातलं, वरचं पुस्तकांचं कपाट दुसऱ्याच गावचं, आणि कुणीतरी दोघांना एकावर एक बसवून दिलं, की त्या धंद्यात सरळ म्हणतात, यांचं लग्न लावलंय. हे लग्न उघडकीला आलं की भाव कोसळतो. ओळखायचं कसं? कपाट उचलून मेजाचा माथा बघायचा. तो उत्तम पॉलिश केलेला निघाला, तर समजा तो दिसण्यासाठी केला होता, म्हणजे मेज मुळात एकटंच होतं. कपाट मागाहून घरात घुसलं. उलटंही होतं. एका जोडीचे दोन करून दोन गिऱ्हाइकांना विकतात. आमच्या पिढीत असल्या गोष्टी निदान कुजबुजत बोलत असत, हे तर लिलावाच्या यादीत छापतात.

फसतात कोण, म्हणाल? तुमच्याआमच्यासारखे? छे! आर्मंड लामोंटेन नावाच्या ऱ्होड आयलंडच्या एका शिल्पकाराने 1969 साली सतराव्या शतकातली म्हणून खपेल अशी खुर्ची मुद्दाम बनवली, तज्ज्ञांची जिरवायला. ती फिरत फिरत गेली थेट हेन्री फोर्ड म्युझियममध्ये, आणि म्युझियमने मोजले 9,000 डॉलर. पुढे 1977 मध्ये बिंग फुटलं. त्याने पुरावाही आधीच पेरून ठेवला होता, भोकं आधुनिक ड्रिलने पाडून.

पण त्याहून चवदार प्रकरण हार्टफर्डचं. तिथलं वॉड्सवर्थ अथेनियम हे म्युझियम जुन्या अमेरिकी फर्निचरसाठी नावाजलेलं. वॉलेस नटिंग या मोठ्या संग्राहकाचा खजिना त्यांच्याकडेच. 2015 साली त्यांनी एक लिहिण्याचं मेज-कपाट घेतलं. कहाणी काय होती! कनेटिकटचे दोन भाऊ यादवी युद्धात गेले, एक 1862 मध्ये अँटिटमच्या रणात पडला, आणि मागे राहिलेल्या भावाला त्याच्या आठवणीसाठी मित्रांनी हे मेज दिलं. वर घड्याळ, आत वाजणारी पेटी, हाडाच्या तुकड्यांचं जडावकाम, मृताचं नाव. कुणाचेही डोळे भरून यावेत. आणि 2018 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारागिराने जुन्या वस्तूंच्या एका नियतकालिकाला सांगितलं, ते मी केलंय. म्हणजे शोकसुद्धा ताजा, पॉलिशसुद्धा ताजं! भाऊ खरे होते, लढाई खरी होती, मेलेला खरंच मेला होता. खोटं फक्त लाकूड.

एवढं होऊन आता काय घडलंय माहितीये? भाव पडले! अगदी वरच्या दर्जाच्या, कूळ ठाऊक असलेल्या मेजांचं सोडा. मधल्या प्रतीची, तपकिरी, भारदस्त, जी एके काळी विलायतेतल्या प्रत्येक दिवाणखान्यात मिरवायची, त्यांना गेली पंचवीसेक वर्षं कुणी विचारत नाही. इंग्लंडातल्या गावोगावच्या लिलावांत अठराव्या शतकातलं ओकचं मेज शे-दोनशे पौंडांना, कधी त्याहूनही कमीत जातं. घरं लहान, मुलांना आयकियाचं पांढरं हवं, आणि बसून हाताने पत्र लिहिणारी शेवटची काकू वारली. मग मासिकवाले सुचवतात, फळीवर लॅपटॉप ठेवा, काम झालं की झाकण लावा. वायर कुठून काढायची ते सांगत नाहीत. ती काढायला कुणीतरी मागच्या पाटीला भोक पाडतोच, आणि दर्दी मंडळी सुतक पाळतात.

आपल्याकडे हेच वेड दुसऱ्या वाटेने शिरलंय. आपलं ते पेढीवरचं बैठं डेस्क. गादीवर मांडी घालून बसायचं, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, आत कीर्द-खतावणी, टाक, दौत. ते झाकण अजून जुन्या धर्तीचं, वर उचलायचं, विलायती भावासारखं खाली पाडायचं नाही. दिवाळीत वहीपूजन झालं की नव्या वहीचा पहिला मान त्याचा. आता हे डेस्क 'मुनीमजी डेस्क' म्हणून टीव्हीखाली विराजमान आहे. वर पितळी घंगाळात मनीप्लांट, आत रिमोट, चार्जर आणि डॉक्टरांच्या फायली. त्याच्यापुढे मांडी घालून बसणार कोण? घरातले चारही गुडघे नवे बसवलेले! तरी पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी, आणि मुंबईत मटन स्ट्रीटला, लोक वाकून वाकून झाकणं उघडतात आणि आत नाक घालून हुंगतात. अस्सल शाईचा वास येतो म्हणे.

आणि वयाची तर धमालच. आपला 1972 चा पुरावस्तू कायदा सांगतो, शंभर वर्षं नि त्यापुढची असली वस्तू तुम्हांआम्हांला देशाबाहेर नेता येत नाही. पण शंभरीच्या आतल्या डेस्ककडे दिवाणखाना बघतसुद्धा नाही. म्हणजे दुकानात ते दीडशे वर्षांचं हवं, आणि विमानतळावर साठीचं. न्यू जर्सीला परतणाऱ्या आमच्या एका भाचीने मुंबईतल्या एका दुकानदाराला शेवटी सरळच विचारलं, "खरं सांगा, हे किती जुनं?"

त्याने डेस्कवर फडकं मारलं, म्हणजे मारल्यासारखं केलं, धूळ काही हलू दिली नाही. "ताई," तो म्हणाला, "घरात ठेवणार का विमानात नेणार, ते आधी सांगा. बिल त्या हिशेबाने करतो."