हस्तकलेचं शुभमंगल

पत्रिका छापून घेणं आता गावंढळपणाचं. गोव्यात डिचोली-पेडण्याकडची शिकलेली मुलं ती म्हणे 'स्वतःच्या हातानं' करतात. हातकागद मागवायचा, त्यावर जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावकला उतरवायची. त्यासाठी तांबडा रंग ऑनलाइन. तोही डिचोलीत, जिथं खनिजाच्या ट्रकांनी तो वर्षानुवर्षं घराघरांत फुकट पोचवला! स्वतःचे हात म्हणजे अर्थात आईचे, मावशीचे आणि शेजारच्या पोरींचे. नवरा-नवरीकडे देखरेख.

इतक्या कष्टांची पत्रिका मग फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर. पेडण्यातले काका विचारतात, "कागद दिसलो रे, पण आमंत्रण करुक कोण इलो?" आधी देवापुढे नारळ, मग वाड्यावरच्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन अक्षता: हे काम पायांचं, आणि पायांसाठी अजून कुठलं किट निघालेलं नाही.

शिवाय पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहेच. सप्तपदी कितीही झाली तरी गोव्यात लग्न पक्कं होतं ते नोंदणी कार्यालयात सही केल्यावर. आधी इराद्याची, मग काही दिवसांनी पुन्हा पक्केपणाची. ही एक हस्तकला मात्र मावशीकडून करून घेता येत नाही.