हृदयाचं औषध डाळिंबावर

इंदापूर-बारामती पट्ट्यात डाळिंबावर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग दिसले की कृषी सेवा केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी येते आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत पंपात पडते. त्या पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन असतं, उरलेलं टेट्रासायक्लिन. मागितली की मिळते, चिठ्ठी कुणी विचारत नाही.

आता हेच स्ट्रेप्टोमायसिन माणसाला कधी लागतं ते बघा. लहानपणीच्या सांधेतापाने ज्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली असते, त्यांच्या रक्तात शिरलेले जिवाणू त्या झडपेवर ठाण मांडतात. तिथे जमलेल्या गाठीत औषध सहज पोचत नाही, म्हणून चार ते सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतात. जिवाणू एन्टेरोकोकस असेल तर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही जुनी जोडी. जेंटामायसिनला तो दाद देईनासा झाला, की डॉक्टरांपुढे मोजक्याच वाटा उरतात: स्ट्रेप्टोमायसिन चालतं का ते तपासायचं, नाहीतर ॲम्पिसिलिनला सेफ्ट्रायॅक्सोनची जोड द्यायची.

आणि सेफ्ट्रायॅक्सोन कुठे जातं? गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की गोठ्यात. म्हणजे राखून ठेवायची दोन्ही औषधं आपण आधीच बाहेर काढली, एक बागेत, एक गोठ्यात. एका जातीचा जिवाणू प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जातीला देऊ शकतो. बांध, गोठा, दवाखाना या हद्दी तो पाळत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक 2019 मध्ये बंद झालं. शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिनवर बंदीचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये काढला. पण नुसत्या कागदाने तेल्या थांबत नाही, आणि डोळ्यांदेखत बाग जाणाऱ्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणं मला मान्य नाही. त्याला पर्याय हवा: रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री निर्जंतुक करणं, बोर्डो मिश्रणाची फवारणी, बागेला पुरती विश्रांती, जमेल तिथे पाऊस ओसरताना धरायचा हस्त बहार. दगडीतही आधी दुधाचा नमुना तपासावा, मग सुई. माणसाचा ताप हटत नसेल तर तिथेही तेच, आधी रक्ताचं कल्चर, मग अँटिबायोटिक. नाहीतर झडपेवरचा जिवाणू कोणता हे कळतच नाही.

बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. दोघांनी एकत्र बसून दरवर्षी एक तक्ता काढावा: दोन्ही तालुक्यांतल्या रुग्णांत, गाईंत आणि बागांत सापडलेल्या जिवाणूंवर कोणतं औषध अजून चालतं आणि कोणतं नाही. तो प्रत्येक कृषी सेवा केंद्रात आणि मेडिकल दुकानात दर्शनी भागात लावावा.