मिगची परतफेड

नाशिकवर रशियाचे उपकार आहेत, हे आम्ही कधी नाकारले नाही. १९६४ साली ओझरच्या माळावर एचएएलचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, सोव्हिएत तंत्रज्ञ आले, टाउनशिप वसली आणि ‘मुलगा एचएएलला आहे’ एवढ्या एका वाक्यावर निफाड-दिंडोरीत लग्ने जमू लागली. त्यातले मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाले. विमान गेले, पण उपकार राहिले. साठ वर्षे आम्ही नुसते तंत्रज्ञान घेत आलो, द्यायचे काय हे कुणाला सुचले नाही. द्राक्षे आपण पाठवतोच, पण त्याचे पैसे घेतो. उपकार काही द्राक्षांनी फिटत नसतात.

विचार करता लक्षात आले की त्या मंडळींची खरी अडचण निवडणुकीची आहे आणि तिच्यावरचा इलाज आपल्याकडे आहे.

सोव्हिएत संघ मोडला आणि त्याचे पंधरा देश झाले. त्यातल्या बाल्टिक समुद्राकडच्या तिघांना आपल्या सल्ल्याची गरज नाही, ते सरळमार्गी निघाले. बाकीच्यांपैकी अनेकांचे हाल मात्र बघवत नाहीत. कझाकस्तानचे नझरबायेव २०१५ मध्ये ९७.७५ टक्के मतांनी निवडून आले आणि बिचाऱ्यांना जगाची माफी मागावी लागली. अतिलोकशाहीवादी देशांना हा आकडा रुचणार नाही, पण मी मध्ये पडलो असतो तर तेच लोकशाहीविरोधी दिसले असते, अशा अर्थाचे ते बोलले. पुतिन यांना २०२४ मध्ये ८७ टक्क्यांसाठी तीन दिवस मतदान घ्यावे लागले. बेलारूसच्या लुकाशेन्कोंनी २०२० मध्ये ८० टक्के जाहीर केले आणि पुढचे कित्येक महिने मिन्स्कच्या रस्त्यांवरची माणसे मोजत बसले. सर्वांत दया अझरबैजानची येते. २०१३ साली तिथल्या निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर मतदानाच्या आदल्याच दिवशी निकाल झळकला, अलियेव ७२.७६ टक्क्यांनी विजयी. ती चाचणी होती, असा खुलासा मागाहून झाला. प्रत्यक्षात त्यांना ८४ टक्क्यांच्या वर मते पडली. म्हणजे चाचणीत बसवलेला आकडा मतदारांनी मागे टाकला. आमच्याकडचा प्रभागातला साधा कार्यकर्तासुद्धा इतका ढिसाळपणा करणार नाही.

या सगळ्यांचे मूळ चुकते एकाच ठिकाणी. ते मतदान घेतात.

आता मतदान घेतले म्हणजे मतपत्रिका छापा, केंद्रे उघडा, मोजणी करा, आकडा ठरवा, तो खरा वाटेल इतपत खाली आणा, वर परदेशी निरीक्षकांना जेवू घाला. युरोपातले निरीक्षक आले तर नाक मुरडतात, म्हणून रशियाने २०२४ मध्ये त्यांना बोलावलेच नाही. शेजारच्या जुन्या सोव्हिएत देशांचे निरीक्षक मात्र न चुकता येतात आणि वरमाईला ‘जेवण कसं झालं’ विचारल्यावर द्यायचे तेच उत्तर देऊन परत जातात. एवढा खटाटोप करून हाती येतात ते शंभरपेक्षा कमीच. उरलेले दोन-तीन टक्के कोण होते, याची चौकशी पुन्हा वेगळी.

नाशिकने हा प्रश्न १९६३ मध्येच सोडवला. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, नाशिकची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि ते इथून बिनविरोध निवडून आले. एक मत पडले नाही, तरी निवड पक्की. प्रामाणिकपणे सांगायचे तर ते बिनविरोध निराळे होते. देशावर संकट होते, माणूस त्या उंचीचा होता आणि विरोधकांनी मनाने वाट दिली. पुढच्याच वर्षी ओझरला कारखाना आला, त्याची सांगड जुने नाशिककर आजही या निवडणुकीशी घालतात. पण तत्त्व सिद्ध झाले ते झाले. पुढच्या पिढ्यांनी त्यातून मनाने वाट देण्याचा भाग तेवढा वगळला आणि तंत्र विकसित केले.

त्या तंत्राचे शिखर म्हणजे देवळा तालुक्यातले उमराणे. कांद्याच्या बाजारपेठेचे गाव, लिलावाचे त्यांना वावडे नाही. २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायत निवडणूक आली तेव्हा सरपंचपदाची जाहीर बोली लागली आणि ती दोन कोटी पाच लाखांवर थांबली. पैसा मंदिराच्या बांधकामासाठी. जमलेल्या गावासमोर, उजेडात, व्हिडिओसकट. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली, ही गोष्ट वेगळी. किर्गिझस्तानात २०२० ची निवडणूक रद्द व्हायला लोकांना बिश्केकच्या सरकारी इमारतीत घुसावे लागले होते. इथे आयोगाने व्हिडिओ पाहून भागवले.

उमराण्याचे महत्त्व कळायचे तर मोल्दोव्हाकडे पाहावे. हा देश म्हणजे लोकसंख्येने आमच्या जिल्ह्याच्या निम्माही नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्हा ६१ लाखांवर होता, मोल्दोव्हा आज २४ लाखांच्या आसपास. २०२४ च्या निवडणुकीत तिथल्या सव्वा लाखाहून अधिक मतदारांना रशियातून सुमारे चार कोटी डॉलर पोचवल्याचे तिथल्या पोलिसांनी सांगितले. तेही कसे, तर बँकेच्या खात्यात! नाव, रक्कम, तारीख, सगळी नोंद. आमच्याकडे आदल्या रात्री पाकीट देणारा आपले आडनावसुद्धा सांगत नाही. शिवाय हा किरकोळ व्यापार झाला, घरटी, माणशी, कटकटीचा. उमराण्याने घाऊक भाव काढला, एकच रक्कम, एकच देऊळ, सगळे मतदार एकदम निकाली. आणि चार कोटी डॉलर ओतूनही मोल्दोव्हात राष्ट्राध्यक्षपदी माया सांदूबाई पुन्हा निवडून आल्याच. पैसे घेऊन मत दुसरीकडे टाकणे ही कला त्यांना कुणी शिकवली, याचा तपास आम्ही लावत नाही.

विरोधी उमेदवाराचे काय करायचे, इथेही त्यांची पद्धत जुनाट आहे. बेलारूसमध्ये नवऱ्याला तुरुंगात टाकले म्हणून स्वेतलाना तिखानोव्स्काया स्वतः उभी राहिली आणि निकालानंतर तिला लिथुआनियात जावे लागले. बायको खरोखरच निवडणूक लढवते, हे पाहून आमच्या महिला-राखीव प्रभागांतले कित्येक ‘भाऊ’ चक्रावले असतील. तिथे उमेदवार देशाबाहेर पळतो. इथे गेल्या महापालिका निवडणुकीत एबी फॉर्म घेऊन निघालेल्या गाडीमागे इच्छुक पळाले. छाननीत एक अर्ज बाद, एक डमी, एकाला साहेबांचा फोन, एक सहकुटुंब देवदर्शनाला, एक नॉट रिचेबल. माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजता यादीत एकच नाव उरते आणि त्याला कुणी हुकूमशाही म्हणत नाही, सामंजस्य म्हणतात. बिनविरोध गावांना आमदार लाखालाखाची बक्षिसे जाहीर करतात. मत न दिल्याबद्दल मतदारांचा सत्कार होतो, असे मॉस्कोलाही सुचले नव्हते.

त्यांना शिकवायला प्रगत अभ्यासक्रमही आहे. कझाकस्तान राष्ट्राध्यक्षांची निवडणूक वेळेआधी उरकतो, २०१५, २०१९, २०२२, सगळ्या मुदतपूर्व. घाई कशाला? नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे प्रशासक. नळाला पाणी येत होते तसे येत राहिले, खड्डे होते तिथे राहिले. नगरसेवक नाहीत हे काहींच्या लक्षात आले ते थेट निवडणूक लागल्यावर.

हे तंत्र तिकडे देण्याच्या प्रस्तावाचा मसुदा लिहिताना मात्र त्यांच्याच इतिहासातली एक भानगड सापडली. सोव्हिएत काळात मतपत्रिकेवर नाव एकच असे, पण नको असेल तर ते खोडायची मुभा होती. मार्च १९८९ मध्ये लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव एकटेच उभे होते. समोर कुणी नाही. आणि ते पडले. निम्म्याहून अधिक मतदारांनी नावावर काट मारली, नियमाने निम्म्याहून अधिक मते हवी होती, ती मिळाली नाहीत.

हा नियम आमच्या तज्ज्ञांना दोनदा वाचून दाखवावा लागला. एकटा उभा असलेला माणूस पडतोच कसा? आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ५३ आहे. जागा तितकेच उमेदवार उरले की निर्वाचन अधिकाऱ्याने लगेच निकाल जाहीर करायचा. २०२४ मध्ये शेजारच्या सुरतेत असाच एक खासदार मतदानाआधीच निवडून आला. ‘नोटा’चे बटण आहे, पण ते यंत्रावर आहे, आणि यंत्र गोदामात. तेव्हा करारात पहिली अट घातली आहे, काट मारायची पेन्सिल आधी काढून घ्यावी, बाकीचे सावकाश शिकवू.

शिकवणीसाठी शिष्टमंडळ आधी कझाकस्तानात, अस्तानाला जाईल. त्याच्या प्रमुखपदासाठी सतरा जण इच्छुक आहेत. माघारीची मुदत गुरुवारी दुपारी तीनपर्यंत आहे. तोवर त्यांच्यापैकी कुणाचा फोन लागला नाही, तर घरच्यांनी पोलिसांत जाऊ नये.